भाकड म्हशींचा पाडा

आमच्या पाड्यात म्हशी पुष्कळ होत्या आणि चहा कोरा होता. पाहुणा आला की ओट्यावर बसायचा, समोर अंगणात रवंथ करत बसलेल्या तीन तीन म्हशी बघायचा, मग हातातल्या पेल्यात बघायचा. आम्ही दूध लपवून ठेवतो असं त्याला वाटत असणार. आई सुरुवातीला समजावून सांगायची, पुढे तिनं ते सोडून दिलं. "समजू देत कंजूस," म्हणायची, "निदान दुसऱ्यांदा येणार नाहीत."

खरं असं होतं की त्या म्हशी आमच्या नव्हत्या. मुंबईच्या तबेल्यांतल्या होत्या. तिथे म्हैस दूध देते तोवर तिची मोठी बडदास्त असते. ती आटली की मुंबईचा चारा तिला परवडत नाही, म्हणजे शेठला परवडत नाही. मग तिला ट्रकमध्ये घालून आमच्या बाजूला पाठवायचे. आम्ही तिला रानात चारायचं, डोहात डुंबू द्यायचं, रेड्याकडे न्यायचं, आणि ती गाभण राहून दिवस भरत आले की तबेल्याची माणसं येऊन तिला घेऊन जायची. विणार तिकडे, दूध तिकडे, घट्ट चहा तिकडे. आम्हाला चराई मिळायची, आणि शेण आमचं. इतकी वर्षं झाली, पण मला अजून वाटतं की हा धंदा ज्यानं काढला तो माणूस फार हुशार असला पाहिजे, आणि तो आमच्या पाड्यातला नव्हता एवढं नक्की.

आजोबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी म्हशी येत नव्हत्या, नुसतं गवत जायचं. पाऊस सरला की उतारावरचं गवत कापायचं, वाळवायचं, गाठी बांधून बैलगाडीनं डहाणू रोडला न्यायचं, तिथून रेल्वेनं मुंबईला. आधी ते तिथले घोडे खायचे. घोडे कमी झाले तशा म्हशी खायला लागल्या. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की गवत म्हशीकडे नेण्यापेक्षा म्हैसच गवताकडे आणली तर स्वस्त पडतं. आजोबा हे सांगताना छाती पुढे काढत, जसं काही आमच्या गवताला कोणी मोठा मान दिला होता. पुढे सरकारलाही तेच सुचलं. मुंबईचे तबेलेच इकडे आणायचे म्हणून धरण झालं, ओळीनं पक्के गोठे झाले. परवा मुलाच्या गाडीवर मागे बसून त्या बाजूनं गेले, तर काही गोठ्यांत म्हैस नाही आणि आत कमरेएवढं गवत उगवलं आहे. आजोबा असते तर म्हणाले असते, बघा, शेवटी गवतच टिकलं.

अशा ठिकाणी माणसांसाठी वेगळे आणि ढोरांसाठी वेगळे शब्द ठेवणं जमत नाही. शेजारच्या घरातल्या सुनेला दिवस गेले की बाया विहिरीवर सरळ म्हणायच्या, "गाभण आहे वाटतं." त्यात कोणाला वाईट वाटत नसे, सुनेलाही नाही. म्हाताऱ्या माणसाचं जेवण कमी झालं तर त्यानं चारा टाकला म्हणायचे. बाबा आम्हाला सकाळी उठवताना हैक हैक करायचे. भाकड हा शब्द तर आमच्याकडे चांगल्या बातमीचा होता. भाकडी आल्या म्हणजे चराई आली, घरात तेलमीठ आलं. एखाद्या घरी भाकड आली नाही तर त्या घरात दुखवट्यासारखं वातावरण असायचं. हाच शब्द दुसरीकडे बाईला टोचायला वापरतात हे मला फोई परत आली तेव्हा कळलं.

फोई म्हणजे बाबांची धाकटी बहीण, मंगू. आत्या हा शब्द मला पुस्तकात भेटला. आमच्याकडे गुजरातचं वारं, म्हणून फोई. तिला अच्छाडच्या पलीकडे, हद्द ओलांडून गुजरातमधल्या एका गावात दिली होती. महालक्ष्मीच्या जत्रेत त्या लोकांनी तिला पाळण्याजवळ उभी बघितली, अंगानं दणकट दिसली, आणि मागणी घातली. बरीच वर्षं झाली तरी मूल झालं नाही. तेव्हा सासूनं तिच्या हातात बोचकं दिलं आणि सांगितलं, भाकड कुठवर पोसायची. फोई हद्दीच्या नाक्यावरून चालत आली, बोचकं ओट्यावर ठेवलं आणि सासूचे शब्द जसेच्या तसे बाबांना सांगितले. बाबांना त्यात रडण्यासारखं काय आहे ते समजलंच नाही. "पोसायला काय झालं?" ते म्हणाले. "आपण तर तेच करतो."

आईला फोईचा राग नव्हता, तिच्या भुकेचा होता. आमच्याकडे तांदळाची भाकर, उडदाची आमटी आणि आठवड्याला सुकट. सुकट भाजली की तो वास कुडाच्या भिंतीतून बाहेर जायचा आणि फोई गोठ्यातून आत यायची. ती जेवायला बसली की आई भाकरीच्या टोपलीवर फडकं टाकायची आणि वर हात ठेवून बसायची. फोई हात पुढे करायची. आई फडक्याखालून एक काढून द्यायची. दोघी एकमेकींशी गोड बोलायच्या आणि नजर मात्र दोघींची फडक्यावर.

त्याच साली माझी चौथी झाली. पुढची शाळा तलासरीला होती आणि म्हशी घरी होत्या. ठरवायला कोणाला फार वेळ लागला नाही. मास्तर एकदा घरी येऊन गेले. म्हणाले, मुलीचं अक्षर चांगलं आहे. बाबांनी मान डोलावली आणि त्यांना कोरा चहा दिला. दुसऱ्या दिवसापासून मी फोईबरोबर रानात जायला लागले. मला त्याचं वाईट वाटलं का, हे आता आठवू बघते तर नीट आठवत नाही. वर्गात माझ्या तोंडातून शब्द फुटत नसे, आणि म्हशी काही विचारत नाहीत, त्यामुळे थोडं सुटल्यासारखंही वाटलं असेल. रानात शांत असायचं. म्हशी पळू नयेत म्हणून गळ्यात लाकडाचं लोढणं बांधलेलं असे, ते चालताना गुडघ्यांवर टक टक आपटे. लांबून हायवेवरच्या ट्रकांची घरघर. फोई पहिले काही दिवस बोलायचीच नाही. मग म्हशींशी बोलायला लागली, आणि त्यांच्याशी बोलून झालं की उरलेलं माझ्याशी.

अशी दोन वर्षं गेली, आणि तिसऱ्या साली आमच्याकडे तीन म्हशी आल्या. दोन शहाण्या होत्या. तिसरी आली तेव्हा बरगड्या वर आलेल्या, एक शिंग खाली वळलेलं, आणि जवळ जाईल त्याला लाथ. फोई तिच्याकडे गेली तशी तिनं फोईलाही मारली. फोई मांडी चोळत हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली. मग तीच तिचं सगळं बघायला लागली. ही म्हैस रेड्याकडे नेली तर गाभण राहिली नाही. बाबांनी तबेल्याला निरोप धाडला, तिकडून उत्तर आलं: रेडा बदला. आमच्या धंद्यात हे असंच असतं. म्हशीवर पैसे घातलेले असतात, तिला कोणी दोष देत नाही. बाबांनी शेजारच्या पाड्यावरून दुसरा रेडा आणला, आणि ती राहिली. थंडीपर्यंत बाकीच्या दोघी मुंबईला गेल्या आणि ही एकटी गोठ्यात राहिली. तबेल्याचा निरोप होता की दोन नवीन माणसं न्यायला येतील, जुना माणूस काम सोडून गेला आहे.

आणि दोन माणसं आली.

ती तबेल्याची नव्हती. ती फोईच्या सासरची होती: तिच्या नवऱ्याचा मामा आणि त्या मामाचा मुलगा. त्यांनीही आधी निरोप धाडला होता, सुकट विकायला येणाऱ्या बाईजवळ, पण तो आम्हाला पोचला नव्हता. मामाला बाबांनी एकदा लग्नाच्या गर्दीत बघितला होता, तोही रात्रीच्या बत्तीत. शिवाय बाबांच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं, लांबचं सगळं धुरकट. आमच्या पाड्याला ओढा ओलांडून यावं लागे, ट्रक पलीकडेच थांबायचे, म्हणून कोणीही आला तरी चालतच यायचा. फोई कुडापलीकडच्या गोठ्यात शेण भरत होती. आई चुलीपाशी, मी तिच्याजवळ. बाबा ओट्यावर दोरी वळत बसले होते.

"राम राम," मामा म्हणाला. "न्यायला आलो आम्ही."

"या, या. वाटच बघत होतो," बाबा म्हणाले. "निरोप मिळाला."

"मळला? सारू, सारू. मग बोलायचं पण सोपं झालं." मामा टेकला, मुलगा उभा राहिला. "कशी आहे?"

"कशी आहे काय! आली तेव्हा बरगड्या दिसत होत्या. आता बघाल तर ओळखणार नाही. अंग कसं भरलंय, कातडी चकाकते नुसती."

मामा जरा पुढे सरकला. "खातेपिते ना?"

"ते विचारूच नका. पुढे टाकाल ते खाते. दिवसभर तोंड चालूच."

"हे मात्र खरं," आई चुलीपाशी पुटपुटली. तिलाही बाहेर कोण आहे ते माहीत नव्हतं. फोईबद्दल कोणीतरी विचारतंय एवढंच तिला कळलं होतं, म्हणजे खरं तर बाबांपेक्षा तिला जास्त कळलं होतं.

"स्वभाव?" मामानं विचारलं.

"पहिले पहिले लाथा मारायची. आता गरीब झाली. माझी पोरगी पण हाताळते."

"लाथा?" मुलगा म्हणाला. "आमच्याकडे कधी मारली नाय."

"तुम्ही बांधून ठेवत असाल. इथे मोकळी आहे. सकाळी रानात, दुपारी डोहात. डोहात बसली की बाहेर यायला मागत नाही. हाका मारून घसा बसतो."

मी पेले घेऊन बाहेर गेले. मामानं चहा घेतला, काळा बघितला. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. भाऊ बहिणीबद्दल इतकं मोकळेपणी बोलतो याची त्याला सवय नसावी. बाबांना मात्र वाटत होतं की तबेल्याचा नवा माणूस खोड काढून चराई कमी करायला बघतोय. म्हणून त्यांनी मुख्य गोष्ट काढली.

"आणि तुमच्या मालकाला सांगा, गाभण आहे. महिन्याभरात विणार."

मामाच्या पेल्यातला चहा त्याच्या धोतरावर सांडला.

"काय आहे?"

"गाभण. पहिल्या खेपेला राहिली नाही. मग मी शेजारच्या पाड्यावरून आणला एक. काळाभोर, असा धिप्पाड. त्यानं काम केलं."

"कोणी आणला?" मुलाचा आवाज चिरकला.

"मीच आणला. दोन दिवस इथेच ठेवला होता. त्याचा खर्च वेगळा द्यायचा, हे मालकाला आधीच सांगितलंय."

आज मी हे लिहिताना हसते आहे, पण तेव्हा मामाचा चेहरा बघून मला भीती वाटली. तो उठून उभा राहिला. हातातली छत्री त्यानं बाबांच्या नाकासमोर धरली. "भाऊ आहेस की कोण आहेस तू? लाज नाय वाटत?"

"लाज कसली?" बाबाही उठले. "भाकड धाडली तुम्ही. गाभण करून देतोय मी. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

मामानं गाभण या शब्दाला हरकत घ्यावी, तर भाकड हा शब्द त्यांच्याच घरातून निघाला होता. तेवढ्यात गोठ्याला वळसा घालून फोई पुढे आली, डोक्यावर शेणाची पाटी, पदर कमरेला घट्ट खोचलेला. सगळे तिच्या कमरेकडे बघायला लागले. मामा, मुलगा, आणि ते दोघं बघतात म्हणून बाबाही. कमर जत्रेत होती तशीच होती.

"मंगू?" मामा म्हणाला.

फोईनं पाटी खाली ठेवली. "राम राम, मामा. बसा ना. दादा म्हशीचं सांगत होता."

गोठ्याला आणि ओट्याला मिळून एकच कूड होता. तिनं पहिल्यापासून सगळं ऐकलं होतं. मी तिला पुढे किती वेळा विचारलं की तू लगेच का आली नाहीस, तर म्हणायची, "माझं कौतुक इतकं कोण करतं? जरा ऐकत बसले."

बाबांना समजायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. "म्हणजे तुम्ही तबेल्याचे नाही?" त्यांनी विचारलं. मामा म्हणाला, "कसला तबेला?" मग बाबा खाली बसले आणि दोरी हातात घेऊन त्या दोरीकडेच बघत राहिले. आईनं मात्र लगेच डोक्यावर पदर घेतला आणि पाहुण्यांसाठी भाकरी टाकायला घेतल्या. टोपलीवर फडकं नव्हतं.

मामा शहाणा होता. त्यानं हसून घेतलं, छत्री बाजूला ठेवली आणि मुद्द्यावर आला. फोईच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं होतं. "बीजी बायको पण गेली," तो म्हणाला. "माहेरी जाऊन बसली. घरात बाई नाय. सासू आता आंधळी होत आली. झालं गेलं सोडून दे, मंगू. चाल आमच्यासोबत."

"ती का गेली?" फोईनं विचारलं.

"का म्हणजे? तिला पण पोर नाय झालं. मग घरात बोलणी होतात. तिला सहन नाय झालं."

"ती पण राहिली नाही?"

"नशीब," मामा म्हणाला.

फोई शेणाचे हात कोरडे करत होती, एकेक बोट. "मामा, आमच्याकडे म्हैस राहिली नाही, तर शेठ सांगतो रेडा बदला. तुमच्याकडे दोन म्हशी बदलून झाल्या. रेडा तोच आहे ना अजून?"

आत आईच्या हातातून उलथनं पडलं. मामाचा मुलगा फिस्सकन हसला. त्याला हसायचं नसणार, कारण लगेच त्यानं तोंडावर हात दाबला, पण हसू खांद्यातून बाहेर येत राहिलं. मामानं त्याच्याकडे बघितलं, मग फोईकडे, आणि मग तो फोईशी बोलायचाच बंद झाला. तो बाबांकडे वळला.

"बाईच्या तोंडाला आम्ही लागत नाय. घरात पुरुष तू आहेस. तू सांग. धाडतोस की नाय?"

आता बाबांबद्दल सांगायला पाहिजे. बाबांना कोणालाही नाही म्हणता येत नसे. तलासरीच्या बाजारात कोणी किडकी वांगी पुढे केली तर ती घेऊन यायचे आणि आईला सांगायचे, तो फार आग्रह करत होता. गवताचा व्यापारी, तबेल्याचा माणूस, मास्तर, सगळ्यांना ते हो म्हणायचे, आणि मग घरी येऊन उशिरापर्यंत ओट्यावर बसून राहायचे. फोईला हे माहीत होतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि भावाच्या तोंडाकडे बघायला लागली. मामाला टोमणा मारताना तिचा आवाज हलला नव्हता, पण आता तिचा खालचा ओठ तिनं दातात धरला होता. भावानं ठेवली तर ती या घरची, नाही तर त्या आंधळ्या सासूच्या घरची. तिसरं घर तिला नव्हतं.

"बघू," बाबा म्हणाले. "म्हणजे... तुमचंही बरोबर आहे. तिचंही आहे. बघतो. विचार करतो."

"कर विचार," मामा उठला. "पुढच्या वेळी पंच घेऊन येतो. त्यांच्यासमोर सांग." भाकरी न खाताच ते गेले. ओढ्यापर्यंत मुलाचे खांदे हलताना दिसत होते.

त्यानंतर फोई पहाटेच म्हैस सोडून रानात जायची. जेवायला एकच भाकर घ्यायची, दुसरीला हात पुढे करायची नाही. आईनं दोन दिवस ते बघितलं. तिसऱ्या दिवशी तिनं सुकटीतले निवडून मोठे बोंबील फोईच्या ताटात टाकले, वर दोन भाकरी ठेवल्या आणि बाबांकडे पाठ करून, चुलीशी बोलावं तशी बोलली: "परक्याचं ढोर ठेवताना नाही कोणाला विचार करावा लागत. लाथा मारणारं असलं तरी ठेवतात." बाबा हात धुवायला बाहेर गेले ते लवकर आत आलेच नाहीत. रानात मी फोईला विचारलं, तू जाशील का गं. ती म्हणाली, "मला कोण विचारतंय? म्हशीला विचारतात का?" मग म्हैस वळवून आणली आणि म्हणाली, "दादा वाईट नाही. त्याच्या तोंडात तो शब्दच नाही, काय करणार."

पण बाबा सराव करत होते. हे मला आईनं पुष्कळ वर्षांनी सांगितलं. रात्री अंथरुणात पडून ते हळूच म्हणायचे, "ती जाणार नाही." मग थोड्या वेळानं, "ती कुठे जाणार नाही." आईनं एकदा विचारलं, कोण? तर दचकून कुशीवर वळले.

एका सकाळी धुकं पडलं होतं. आमच्याकडे थंडीत ओढ्यावरून असं धुकं येतं की समोरचा ताड दिसत नाही. त्या धुक्यातून दोन माणसं चालत आली. बाबा अंगणात उभे होते. त्यांनी विचारलं नाही, वाट बघितली नाही, राम रामसुद्धा घातला नाही. विचारलं असतं तर त्यांचा धीर गेला असता, मला वाटतं. ते दोन पावलं पुढे गेले आणि त्यांच्या तोंडातून एवढा मोठा आवाज निघाला की शेजारची माणसं बाहेर आली.

"ती जाणार नाही!"

दोघं जागच्या जागी थांबले. त्यातला मोठा म्हणाला, "अरे चाचा, लेने आये हैं."

"माहीत आहे. ती कुठे जाणार नाही. माझ्या घरची आहे ती."

"आपके घर की कैसे? हमारी है."

"तुमची होती. तुम्ही टाकली. उपयोगाची नाही म्हणून टाकली, आणि आता गरज लागली म्हणून आलात. ती मूल देवो न देवो, मला काही मागायचं नाही तिच्याकडून. ती इथे खाईल, इथे राहील, इथेच म्हातारी होईल. पंच आणा, नाही तर पोलीस आणा. माझं बोलणं हेच."

"चाचा," तो माणूस अगदी अजिजीनं म्हणाला, "सेठ को क्या बोलूँ मैं? ट्रक खडा है."

ट्रक शब्द ऐकून बाबांनी चांगला डोळा बारीक केला. पण तोवर फोई दारात येऊन उभी राहिली होती. आईनं तिला मागून धरलं होतं, की पुढे जाऊन मध्येच काही बोलू नकोस, त्याला पुरतं बोलू दे. फोईनं सगळं पुरतं ऐकून घेतलं. मग ती खाली उतरली, बाबांच्या जवळ गेली आणि हळू म्हणाली, "दादा, हे तबेल्याचे आहेत."

शेजाऱ्यांच्या अंगणात कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि मग ते हसू पाड्यात शेवटच्या घरापर्यंत गेलं. बाबा कान लाल करून उभे राहिले. "मग ते... ती घेऊन जा," ते तबेल्याच्या माणसांना म्हणाले, "म्हणजे म्हैस. म्हैस घेऊन जा." फोईनंच तिला सोडलं, ओढा ओलांडून ट्रकपर्यंत नेलं, आणि मोकळी परत आली. चूल पेटलेली होती. ती आईजवळ बसली आणि न विचारता टोपलीतून भाकर घेतली.

मामा पंच घेऊन आला नाही. त्याच्या मुलानं रेड्याची गोष्ट गावभर केली, असं सुकटवाल्या बाईकडून कळलं. हा निरोप मात्र तिनं बरोबर पोचवला. पंचांना आणलं असतं तर तीच गोष्ट त्यांच्यासमोर निघाली असती. तिकडच्या काही लोकांनी मात्र अर्धंच ऐकलं होतं, आणि बाजारात त्यांच्या बाया फोईच्या पोटाकडे बघून कुजबुजायच्या. फोई मग मुद्दाम कमरेवर हात ठेवून, पाय फाकवून हळू चालायची आणि मला म्हणायची, "जरा हात दे गं, दिवस भरत आलेत."

बाबा पुढे जन्मभर तसेच राहिले. किडकी वांगी येतच राहिली. कधी घरात तंगी आली की त्यांचं मन डळमळायचं, एखादा बिजवर चौकशीला आला की ते लगेच म्हणायचे, बघू, विचार करतो. तेव्हा फोई हातातलं काम ठेवायची आणि त्यांच्यासमोर येऊन बसायची. "दादा, तू बोललास. ती इथेच म्हातारी होईल, म्हणालास."

"ते मी मामा आला असं वाटून बोललो होतो," बाबा म्हणायचे. "समोर तर तबेल्याची माणसं होती. ते कसं धरायचं?"

"का नाही धरायचं? साक्षीदार आहेत माझ्याकडे," फोई म्हणायची. "तेही मुंबईचे."